ठक, करकर आणि घों घों : फोर बाय फोरवाल्यांचे प्रश्न

यावेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त आवाजांचेच आहेत. कोणाची गाडी ठक करते, कोणाची करकरते, एकाने तर लिहिलंय की "जुन्या लोखंडी पलंगावर कोणी कूस बदलावी तसा आवाज येतो" आणि खरं सांगतो, तेवढ्या एका ओळीवरून मला कळलं की गडबड कुठे आहे. त्यामुळे पुढच्या वेळी लिहिताना लाजू नका, आवाज तोंडाने काढून बघा आणि जसा येतो तसा लिहा. फक्त सोबत तो कधी येतो तेही लिहा, म्हणजे वळताना की ब्रेक मारताना, थंड गाडीत की तापल्यावर, एक चाक खड्ड्यात गेल्यावर की दोन्ही. "पुढून आवाज येतो" एवढ्यावर मी काय सांगणार, पुढे पन्नास जागा आहेत!

प्रश्न : माझ्या फोर बाय फोरला (चारही चाकांना ताकद देता येणारी गाडी) पुढे सॉलिड एक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध एक्सल, आणि कॉइल स्प्रिंग आहेत. गाडी दोन इंच उंच करणारं लिफ्ट किट टाकून सातआठ महिने झाले. आता हळू चालवताना, अगदी उभ्या गाडीतसुद्धा, स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे नेलं की पायाखाली एकच "ठक" होतो. गॅरेजवाल्याने आधी टाय रॉड एंड (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या रॉडच्या टोकांचे जोड) बदलले, मग पुढचे दोन्ही शॉकअप बदलले, आवाज आहे तिथेच. आता म्हणतोय स्टिअरिंग बॉक्स बदला. बदलू का?

उत्तर : नका बदलू. निदान अजून तरी नका. तुम्ही जे लिहिलंय त्यात सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे "उभ्या गाडीतसुद्धा" हे दोन शब्द. उभ्या गाडीत शॉकअप हलतच नाही हो, मग तो आवाज कसा करेल? तिथेच शॉकअपचा खर्च वाचला असता.

दिशा बदलताना एकदाच ठक होतो याचा अर्थ कुठेतरी प्ले आहे, म्हणजे एखादा भाग आधी एका बाजूला टेकलेला असतो, जोर उलटा झाला की तो मधली मोकळी जागा पार करून दुसऱ्या बाजूला आपटतो. आता ती जागा शोधायची आणि त्यासाठी गाडी जॅकवर घ्यायची नाही. बहुतेक लोक इथेच चुकतात, गाडी वर उचलतात, चाकं लोंबकळायला लागतात, जोर निघून जातो आणि सगळं कसं घट्ट वाटतं. चाकं जमिनीवरच ठेवा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू. एकाला सीटवर बसवा आणि त्याला सांगा की स्टिअरिंग पूर्ण फिरवू नकोस, नुसतं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, झपझप. तुम्ही बाजूने आडवे होऊन खाली बघा. डोकं आणि बाही लिंक रॉडच्या वाटेत येऊ देऊ नका, तो रॉड हलतोय हे दिसतं पण किती जोराने हलतोय ते बोट सापडल्यावरच कळतं.

मग एकेका जोडावर हात ठेवत जा. आधी स्टिअरिंग कॉलमच्या खालचा छोटा क्रॉस, म्हणजे तिथला फिरता जोड, मग बॉक्समधून खाली आलेला पिटमन आर्म, मग त्याच्यापासून चाकाकडे जाणाऱ्या रॉडची, म्हणजे ड्रॅग लिंकची, दोन्ही टोकं, मग टाय रॉड. हात असा ठेवायचा की जोडाचे दोन्ही भाग एकाच वेळी बोटांखाली येतील. चांगल्या जोडात दोन्ही भाग एकदम हलतात. खराब जोडात एक हलतो, दुसरा क्षणभर उशिरा हलतो, आणि ठक झाला की बोटांना टिचकी मारल्यासारखं लागतं. डोळ्याला अर्धा मिलिमीटर दिसत नाही, बोटाला लगेच लागतो.

पण तुमच्या गाडीत माझा संशय यातल्या कशावरच नाही, पॅनहार्ड रॉडवर आहे. काही जण त्याला ट्रॅक बार म्हणतात. एक टोक चेसीला, दुसरं एक्सलला, आडवा लांब रॉड. कॉइल स्प्रिंगवर बसलेल्या एक्सलला डावी-उजवीकडे सरकण्यापासून धरून ठेवणारा तोच. तुम्ही स्टिअरिंग फिरवता तेव्हा बॉक्स ड्रॅग लिंकला ढकलतो, टायर जमिनीला चिकटलेले असतात, म्हणून तो जोर आख्ख्या एक्सललाच बाजूला ढकलायला बघतो आणि तो सगळा जोर या एका रॉडच्या दोन बोल्टांवर येतो. बोल्ट जरा जरी ढिला असला की एक्सल आधी दोनएक मिलिमीटर सरकतो, ठक करून थांबतो आणि मग चाकं वळतात. त्यात तुम्ही लिफ्ट किटने गाडी उचललीय. जुना रॉड तसाच ठेवून गाडी वर उचलली की रॉड जास्त तिरका होतो, एक्सल थोडा एका बाजूला ओढला जातो, टोकाच्या जोडातल्या रबरी बुशला पीळ बसतो. किट टाकताना हा बोल्ट काढलेला असणार हे तर नक्कीच.

हे मी इतकं खात्रीने सांगतोय कारण स्वतः भोगलंय. माझ्या गाडीला हाच ठक होता, मी शहाणपणा करून दोन्ही बाजूचे बॉल जॉइंट (चाक ज्यांच्यावर वळतं ते जोड) बदलून बसलो, एक आख्खा रविवार गेला आणि सोमवारी सकाळी पहिल्याच वळणावर ठक! शेवटी टॉर्च घेऊन नीट बघितलं तर चेसीकडच्या पॅनहार्ड बोल्टच्या वॉशरभोवती बांगडीसारखं गोल चकचकीत कडं पडलेलं, रंग गेलेला, आणि त्याच्या खाली गंजाची बारीक लालसर पूड, कुंकवासारखी. लोखंड लोखंडावर घासत असलं की ही पूड पडतेच. बोल्ट काढला तर भोक गोल राहिलेलंच नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालेलं. किट बसवणाऱ्याने मूळ बोल्टपेक्षा बारीक बोल्ट घालून नुसता आवळून टाकला होता.

तुमच्याकडेही असं भोक निघालं तर नुसतं आवळून भागणार नाही, महिन्याभरात परत ढिला होईल. ब्रॅकेटवर योग्य भोकाची जाड प्लेट नीट वेल्ड करून घ्या किंवा ब्रॅकेट बदला, बोल्ट मूळ जाडीचाच घाला आणि टॉर्क पान्यानेच आवळा. गाडी उचललेली आहे तेव्हा लांबी कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉडही बघा. आणि एक, मागे सरकून बघा की पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंक एकमेकांना समांतर दिसतात का. एकाचा तिरकेपणा वेगळा असेल तर खड्ड्यात गाडी आपोआप वळल्यासारखी करते, तो आवाजाचा नाही पण त्याच घरातला त्रास आहे.

जाता जाता स्टिअरिंग बॉक्स चेसीला जिथे बसतो तिथला चिखल ब्रशने खरवडून काढा आणि बोल्टांच्या आसपास केसासारखी गंजाची रेघ दिसते का बघा. मोठे टायर टाकून दगडात गाडी घातली की तिथली चेसी तडकते, हा फार बघितलेला प्रकार आहे. रेघ दिसली तर गाडी चालवत नेऊ नका.

प्रश्न : स्टिअरिंग पूर्ण वळवलं की "घुंऽऽ" असा रडका आवाज येतो. पंप गेला का?

उत्तर : पूर्ण वळवल्यावर थोडा आवाज सगळ्याच हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगना येतो, तेव्हा ऑइलला जायला जागा नसते आणि ते प्रेशर व्हॉल्व्हमधून परत फिरवलं जातं. फक्त तिथे धरून बसू नका, दोनचार सेकंदात जरा सोडा, नाहीतर ऑइल तापून पंप खरंच जाईल.

अर्ध्या वळणातही रडत असेल तर स्टिअरिंग ऑइलच्या डबीचं झाकण उघडा. ऑइल कमी आहे का, आणि त्याला साबणाच्या पाण्यासारखा फेस आलाय का ते बघा. फेस म्हणजे आत हवा शिरलीय, बहुतेक वेळा पंपाकडे जाणाऱ्या पाइपची क्लिप ढिली असते. क्लिप आवळा, कंपनीने सांगितलंय तेच ऑइल भरा, पुढची चाकं उचलून स्टँडवर ठेवा आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरावीस वेळा फिरवा, बुडबुडे वर येतात. आवाज रडका नसून किंचाळल्यासारखा असेल तर तो पंप नाही, पट्टा आहे.

प्रश्न : पन्नास-साठच्या स्पीडला विमानासारखा घों घों आवाज येतो. मड टायर (चिखलासाठीचे खोल खाचांचे टायर) आहेत म्हणून येतो असं सगळे म्हणतात, पण आधी इतका नव्हता.

उत्तर : "आधी इतका नव्हता" हे मनात आलं ना, मग सगळ्यांचं ऐकू नका. मड टायर आवाज करतातच, पण त्यांचा आवाज रस्त्याबरोबर बदलतो, खरखरीत डांबरावर एक, गुळगुळीत काँक्रीटवर दुसरा. चाकाच्या बेअरिंगचा आवाज रस्ता कुठलाही असो तसाच राहतो, फक्त स्पीडबरोबर वाढतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर आणि दाबल्यावर आवाजाची जात बदलत असेल तर डिफरन्शियलकडे, म्हणजे एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याकडे, बघायचं.

रिकाम्या मोकळ्या रस्त्यावर त्याच स्पीडला गाडी अलगद डावीकडे-उजवीकडे झुलवा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं, तेव्हा घों घों वाढला आणि उलट वळताना कमी झाला तर उजवीकडचं बेअरिंग. पुढचं की मागचं हे अजून कळलेलं नाही, त्यासाठी गाडी स्टँडवर घ्या. आणि स्टँड म्हणजे स्टँड, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

चाक वर असताना एक हात घड्याळातल्या १२ वर, दुसरा ६ वर धरून आतबाहेर हलवा. खटखट लागली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, बॉल जॉइंटऐवजी किंगपिनवाली गाडी असेल तर किंगपिन. यातलं कुठलं ते ओळखायची सोपी युक्ती म्हणजे मित्राला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) जखडला जातो, त्यामुळे खटखट गेली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट. ३ आणि ९ वर धरून हलवल्यावरच लागत असेल तर टाय रॉडकडे जा.

काहीच हललं नाही तरी बेअरिंग निर्दोष सुटत नाही बरं का. चार बोटं कॉइल स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक सावकाश फिरवा. चांगलं बेअरिंग असेल तर स्प्रिंग गप्प असते, खराब असेल तर वाळू दळल्यासारखी थरथर स्प्रिंगमधून बोटात येते. कानाला काही ऐकू येत नसताना बोटांना कळतं.

तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की मधे दोनतीन वेळा गाडी पाण्यातून नेली. ते सहज नाहीये! बराच वेळ चाललेली गाडी थेट पाण्यात घातली की तापलेला हब एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ झालेलं दिसलं की समजायचं. पाण्यात शिरायच्या आधी गाडी जरा उभी ठेवून थंड होऊ द्यायची सवय लावा.

प्रश्न : जुन्या लोखंडी पलंगावर कोणी कूस बदलावी तसा आवाज मागून येतो, खड्ड्यात आणि उतरता-चढताना. गाडी धुतली की दोन दिवस गायब. एकाने पाट्यांवर (मागच्या लीफ स्प्रिंगवर) जुनं इंजिन ऑइल मारायला सांगितलंय.

उत्तर : हे ते पलंगवाले. धुतल्यावर गायब होतो, म्हणजे तुम्ही अर्धी तपासणी आधीच करून टाकलीय. पाणी लागल्यावर जो आवाज जातो तो रबराचा किंवा पाटे एकमेकांवर घासण्याचा असतो. आता उरलेली अर्धी करा : पाण्याची स्प्रे बाटली घ्या, कोणाला तरी मागच्या बंपरवर उभं करून गाडी दाबायला लावा आणि एका वेळी एकाच जागी पाणी मारा. आधी पाट्याच्या पुढच्या टोकाच्या गोल डोळ्यातला बुश, मग दुसरं टोक चेसीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे, म्हणजे शॅकलचे, मग पाट्यांची टोकं, मग शॉकअपचे बुश. जिथे मारल्यावर गप्प होतो ती जागा. सगळीकडे एकदम फवारलं तर काहीच कळणार नाही.

जुनं ऑइल मारू नका. रबर त्याने फुगतं आणि सैल पडतं, वर धूळ आणि वाळू चिकटून पाट्यांमधे पॉलिश पेपर तयार होतो. पाट्यांच्या टोकांना प्लॅस्टिकचे किंवा रबरी लायनर असतात, ते झिजून गेले असतील तर नवीन घाला. बुशला मारायचंच असेल तर सिलिकॉन स्प्रे.

बुश बदललात तर एक गोष्ट मिस्त्रीला डोक्यावर उभं राहून सांगा. रबरी बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना, एक्सल लोंबकळत असताना नाही. रबरी बुश फिरत नाही, तो नुसता पिळतो. लोंबकळत्या एक्सलवर आवळला की गाडी खाली उतरताच तो कायमचा पिळलेला राहतो आणि थोड्याच दिवसांत फाटतो. मग लोक म्हणतात पार्ट डुप्लिकेट होता! पॉलियुरेथेनचे बुश वेगळे, ते आतल्या नळीवर फिरतात, त्यांना त्यांचं ग्रीस लागतं आणि ग्रीस संपलं की करकरतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आणि हो, करकर सोडून गाडी निघताना किंवा ब्रेक मारताना मागून "धप्प" येत असेल तर पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट बघा. ते ढिले राहिले तर पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटतो आणि एक्सल मागेपुढे सरकतो. एकदा खोललेले यू-बोल्ट परत वापरण्यापेक्षा नवीनच घालावेत, आणि थोडं चालवून झाल्यावर परत आवळावेत.

प्रश्न : फोर व्हील टाकून पार्किंगमध्ये वळवताना गाडी अडकल्यासारखी होते, टायर उड्या मारतात आणि खालून कडकड येते. काय तुटलंय?

उत्तर : अजून काही नाही. पार्ट टाइम, म्हणजे गरजेपुरतं टाकायचं, फोर व्हील कोरड्या पक्क्या जमिनीवर टाकायचं नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर जातात, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसने मात्र पुढचं-मागचं एकत्र बांधून ठेवलेलं असतं, चिखलात टायर घसरून तो फरक काढून टाकतात, काँक्रीटवर काढू शकत नाहीत. टू व्हीलमध्ये घ्या. लिव्हर निघत नसेल तर सरळ थोडं रिव्हर्स घ्या, निघेल. टू व्हीलमध्येही पूर्ण वळणावर टकटकटक येत असेल तर मात्र वेगळं आहे, तो चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सीव्ही जॉइंट, आणि त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसेल.

प्रश्न : सत्तरच्या आसपास एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग इतकं जोरात थडथडतं की हातात राहत नाही, थांबेपर्यंत थांबत नाही. स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा छोटा शॉकअप) नवीन टाकला, महिनाभर बरं होतं, आता परत.

उत्तर : डॅम्परने दुखणं झाकलं, बरं नाही केलं. सॉलिड एक्सलच्या गाड्यांचा हा ओळखीचा आजार आहे. परत झालं तर ब्रेकवर उभे राहू नका, स्टिअरिंग घट्ट धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि हळूहळू स्पीड उतरू द्या. आणि दुरुस्त होईपर्यंत त्या स्पीडला जाऊच नका.

शोधायचं तसंच, पहिल्या प्रश्नात सांगितलंय त्याच रीतीने. आधी पॅनहार्डचे दोन्ही बोल्ट, मग बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, एक्सलला चेसीशी धरून ठेवणाऱ्या कंट्रोल आर्मचे बुश. टायरचं बॅलन्सिंग करून घ्या, पण त्याआधी रिमच्या आत वाळलेल्या चिखलाचा गोळा बसलाय का ते बघा, मी एकदा रिममधून ओंजळभर चिखल काढला आणि निम्मी थडथड तिथेच गेली. गाडी उचललेली असेल तर कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, तोही मोजून घ्या, लिफ्टनंतर एक्सल फिरून कॅस्टर कमी होतो आणि मग चाकं आपणहून सरळ यायला बघत नाहीत.

प्रश्न : काल ट्रेलवरून आलो आणि तेव्हापासून पुढच्या डाव्या चाकातून पत्रा घासल्यासारखी भयानक किंचाळी येतेय. गाडी टो करून न्यावी का?

उत्तर : ब्रेक डिस्क आणि तिच्या मागच्या पातळ पत्र्याच्या मधे खडा अडकलाय, बहुतेक. मोकळ्या जागी सावकाश थोडं मागे घ्या, मग पुढे, बरेचदा तेवढ्यात पडतो. नाही पडला तर चाक काढा, पत्रा बोटाने जरासा मागे वाकवा, खडा खाली येईल. डिस्क तापलेली असेल, आधी थंड होऊ द्या. चाक परत लावल्यावर नट शंभरेक किलोमीटरच्या आत एकदा परत आवळा.